कोच ट्वेटच्या पोर्चवरचा केक

नॉर्डाल कॉलेजच्या फुटबॉल कोचला 'आता तू जा' असं कुणी तोंडानं सांगत नाही. त्याच्या पोर्चवर केक ठेवतात. बदामाच्या पिठाची अठरा गोल कडी, खालचं ताटाएवढं, वरचं अंगठीएवढं, एकावर एक रचून केलेला हातभर उंच मनोरा, त्यावर साखरेची पांढरी नक्षी आणि टोचलेले नॉर्वेचे चिमुकले झेंडे. नॉर्वेतल्या आमच्या आज्यांनी हा क्रान्सेकाके लग्नकार्यासाठी योजला होता. माणसाला नोकरीवरून काढायला तो वापरायचा, ही अक्कल खास आमची, मिनेसोटातली.

१९७८च्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी सकाळी ऑर्विल ट्वेट पेपर घ्यायला दार उघडून बाहेर आला आणि त्याचा पाय केकला लागता लागता राहिला. ऑर्विल म्हणजे नॉर्डालचा तेरावा कोच. वय एकेचाळीस, अंगानं रेड्यासारखा दांडगा आणि स्वभावानं इतका भिडस्त, की अंगणातलं कुत्रं आडवं आलं तरी 'सॉरी' म्हणून बाजूला व्हायचा. यंदा सहा सामने झाले होते आणि त्यातले पाच हरले होते, हे खरं. तरी निदान मोसम संपेपर्यंत थांबतील असं त्याला वाटलं होतं.

तो केक उचलून स्वयंपाकघरात घेऊन आला. त्याची बायको लव्हॉन अंडी तळत होती. तिनं केककडे पाहिलं, गॅस बारीक केला, मनोरा अलगद वर उचलला आणि सगळ्यात खालचं कडं काढून घेतलं. हा केक नेहमी खालून खायचा, म्हणजे कितीही खाल्ला तरी मनोरा तो मनोराच दिसतो, फक्त बुटका होत जातो.

"बदाम ताजे आहेत," ती म्हणाली.

"आर्डिसचा हात आहे," ऑर्विल म्हणाला. गावातला असा प्रत्येक केक तिचाच.

मग दोघांनी मिळून ते कडं संपवलं, आणि दुसरंही. ऑर्विलला जायचं नव्हतं. अजिबात जायचं नव्हतं. याच मैदानावर तो खेळला, शेजारच्या चर्चमध्ये त्याचं लग्न लागलं, आणि मैदानाला खेटून असलेल्या मक्याच्या शेतातून कापणीचा वास आला की बाकी वर्ष कसंही गेलेलं असो, त्याला बरं वाटायचं. पण हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लव्हॉनलासुद्धा नाही. आणि तिनंही विचारलं नव्हतं, कारण ती पण इथलीच.

कॉलेजात शिरताना व्यायामशाळेच्या बोळातून जावं लागतं. तिथं भिंतीवर आधीच्या बारा कोचांचे फोटो आहेत, आणि कोच गेल्याशिवाय त्याचा फोटो लागत नाही. बाराव्याच्या शेजारी तेरावा खिळा सहा वर्षांपासून ठोकून तयार होता. कॉलेजच्या शिपायानं एकाच वेळी शिडी चढून दोन्ही खिळे ठोकून टाकले होते, उगाच पुन्हा चढायला नको म्हणून. ऑर्विल रोज त्या खिळ्याकडे न पाहता जायचा. आज मात्र तो थांबला आणि पहिल्यापासून सगळ्यांकडे बघत गेला.

पहिला गुलिक ब्रान्ड्वोल्ड, १८९७चा. हा मूळचा ग्रीक शिकवणारा मास्तर, फुटबॉल त्यानं फक्त पुस्तकात पाहिलेला. सामना चालू असताना तो पानं उलटत राहायचा आणि पुढची ओळ सापडेपर्यंत अकरा पोरं थंडीत ताटकळत उभी राहायची. सात वर्षं हे चाललं. मग त्याला काढायला तीन बैठका झाल्या, आणि तिन्हींत शेगडीच्या धुराड्याबद्दल बोलून मंडळी घरी गेली. शेवटी प्राचार्यांच्या बायकोनं वैतागून केक केला आणि त्याच्या पायरीवर ठेवून दार न वाजवता पळून आली. मास्तर हुशार. दुपारच्या गाडीनं गेला.

दुसरा टोस्टेन रूड, लोहार. हा एका विद्यार्थ्याच्या नावावर स्वतःच खेळायचा, अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत. एकदा त्याचा नातू कडेनं "आजोबा, पळा" असं ओरडला, तेव्हा पकडला गेला. पण खरी धमाल चौथ्याची. चौथा होता लिंडक्विस्ट, आणि लिंडक्विस्ट होता स्वीडिश. त्याला केकचा अर्थच कळला नाही. लोकांचं आपल्यावर किती हे प्रेम, म्हणून गड्याचे डोळे भरून आले. घरोघर जाऊन त्यानं सगळ्यांचे आभार मानले आणि वर्षभर आणखी जोमानं हरला. पुढच्या वर्षी चोवीस कड्यांचा केक ठेवला, म्हणजे छतालाच टेकायचा बाकी होता. लिंडक्विस्टनं अकॉर्डियन काढून गावाला नाचवलं. अखेर तिसऱ्या वर्षी गावानं आयोवात त्याच्यासाठी याहून चांगली नोकरी शोधली, तेव्हा कुठे तो हलला. त्याचा पहिला सामना होईपर्यंत आयोवावाले आमच्या चांगुलपणावर खूश होते.

आणि बारावा पाल्मर डॉकन. तेवीस वर्षं कोच. ऑर्विल याच्या हाताखाली खेळला, मग याचाच मदतनीस झाला, आणि याच्या पोर्चवर केक आला तेव्हा याच्याच खुर्चीत बसला. आमच्या अमेरिकन फुटबॉलात चेंडू हातात घेऊन पळतात, नाहीतर पुढच्या गड्याकडे फेकतात. डॉकनचं म्हणणं, चेंडू छातीशी धरावा, मान खाली घालावी आणि समोरच्याच्या अंगावर जावं. चेंडू हवेत फेकणं म्हणजे शायनिंग मारणं. तेवीस वर्षांत त्याच्या संघानं चेंडू नऊ वेळा फेकला, त्यातले दोन अपघात. केक मिळाला तेव्हा तो फक्त "बदाम चांगले आहेत" एवढंच म्हणाला, आणि सगळ्यांनी मनाशी म्हटलं, चला, म्हातारा खुशीनं गेला. त्यानंतर प्रत्येक सामन्याला तो तिसऱ्या रांगेत थर्मास घेऊन बसायचा. ऑर्विलच्या पोरांनी चुकून चेंडू फेकला की तो कॉफी अर्धी सोडून थर्मासचं झाकण फिरवून बंद करायचा. बस, एवढंच. पण ते झाकण ऑर्विलला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं. म्हणून सहा वर्षं त्यानंही चेंडू फेकला नाही, आणि फेकायच्या चाळीसएक चाली कागदावर काढून टेबलाच्या खणात घालून ठेवल्या.

नऊ वाजेपर्यंत केकची बातमी गावभर झाली होती. कशी, ते विचारू नका. आमच्याकडे कुणी कुणाला काही सांगत नाही आणि सगळ्यांना सगळं कळतं. प्राचार्य साथर यांना वाटलं, माजी विद्यार्थ्यांच्या कमिटीनं आपल्याला डावलून परस्पर केक पाठवला. त्यांना वाईट वाटलं, पण विचारणार कसं? कमिटीच्या लोकांना वाटलं, साथरांनी आपल्याला विचारलंसुद्धा नाही. तेही घुश्शात, तेही गप्प. सगळे ऑर्विलशी मात्र इतकं गोड वागायला लागले, की उरलीसुरली शंका फिटली. साथरांनी बोळात त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि पाऊस यंदा वेळेवर झाला असं म्हणाले. कॅफेतल्या बाईनं न मागता अॅपल पायचा दुसरा तुकडा वाढला. शुक्रवारी फोटोग्राफरनं त्याला टाय लावून स्टुलावर बसवलं.

"हसू नका, कोच," तो म्हणाला. "त्या भिंतीवर कुणी हसत नाही."

ऑर्विल हसला नाही. पण स्टुलावर बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं: आपल्याला काढलंच आहे, तर आता आणखी काय काढणार? हा विचार त्याला इतका नवा होता, की त्यानं तो दोनदा करून पाहिला. मग तो तडक कचेरीत गेला, खण उघडला आणि त्या चाळीस चाली काढल्या.

शनिवारी ग्रॅनम कॉलेजशी सामना होता. ग्रॅनम यंदा एकही सामना हरलेलं नव्हतं, आणि नॉर्डालनं त्यांना हरवून एकोणीस वर्षं झाली होती. जुने विद्यार्थी लांबून लांबून आले होते, सगळ्या रांगा भरल्या होत्या, आणि मनातल्या मनात सगळे कोचला निरोप देत होते. कपडे बदलायच्या खोलीत पोरं मान खाली घालून बसली होती. केकचं त्यांनाही कळलं होतं. ऑर्विलनं कागद बाकावर पसरले.

"आज फेकायचा," तो म्हणाला.

डेल रॉग्नेस हा संघाचा खेळ चालवणारा पोरगा, शेतकऱ्याचा, गवताच्या पेंढ्या माळ्यावर फेकून खांदा तयार झालेला. त्यानं विचारलं, "किती वेळा, कोच?"

"हात दुखेपर्यंत."

डेलच्या तोंडावर जे हसू आलं ते ऑर्विलनं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. पहिल्याच चालीला डेलनं चेंडू उचलला आणि फेकला. चेंडू कुणाच्याच हातात न जाता सरळ आमच्या बँडच्या तुतारीवाल्याच्या मांडीवर पडला. तिसऱ्या रांगेत झाकण फिरलं. ऑर्विलनं ते ऐकलं, आणि काय आश्चर्य, त्याला काहीच झालं नाही. तो खदखदून हसला. "परत," त्यानं ओरडून सांगितलं.

मग जे सुरू झालं त्याला फुटबॉल म्हणायचं की जत्रा, हे अजून कॅफेत ठरलेलं नाही. डेलनं फेकला, डेलकडे फेकला, एकदा तर चेंडू चार जणांच्या हातांतून फिरून पुन्हा डेलकडे आला आणि तो गोंधळून उलट्या दिशेनं पळता पळता वाचला. ग्रॅनमचे धिप्पाड गडी मान खाली घालून येणाऱ्या नॉर्डालसाठी तयार होऊन आले होते. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूकडे ते विमान बघावं तसे बघत राहिले. ऑर्विल कडेनं चेंडूबरोबर पळत होता, टोपी कधीच उडाली होती. चौथ्या सत्रात ग्रॅनमचे चोवीस गुण होते आणि आमचे एकवीस. लोक उभे होते. मोठ्यानं ओरडायची सवय नसल्यामुळे काही जण नुसतेच एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होते.

या सगळ्यात आर्डिस क्वामे तेवढी फुरंगटून बसली होती. आर्डिस चौऱ्याहत्तर वर्षांची. गेल्या पाच कोचांचे केक तिनं केलेले. दुसऱ्या कुणाला तो जमत नाही आणि ती जमू देत नाही. गुरुवारी तिनं एक केक पाठवला होता आणि ज्यांना पाठवला त्यांनी अजून पोचल्याचंसुद्धा कळवलं नव्हतं. विचारणं तिच्या रक्तात नाही, म्हणून दोन दिवस ती घरात दार लावून बसली होती आणि गावची बातमी तिला ठाऊक नव्हती. तेवढ्यात मागच्या रांगेत कुणीतरी लव्हॉनची कीव करत म्हणालं, की कोचचा केक मात्र सुरेख होता म्हणे.

आर्डिसच्या अंगाची आग झाली. आपल्याशिवाय या गावात कुणी केक केला? आणि मग तिला भलतीच शंका आली. ती शेजारी बसलेल्या भावाकडे वळली. सेल्मर अठ्ठ्याहत्तरचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण आपल्याला दिसत नाही हे त्यानं आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. सामना बघतानासुद्धा तो इतरांचं ऐकून मान डोलवत होता.

"सेल्मर, तू केक कुठल्या घरी ठेवलास?"

"पांढऱ्या."

"चर्चशेजारची दोन्ही घरं पांढरी आहेत."

"मग मी जवळच्या घरी ठेवला," सेल्मर म्हणाला. "जड होता तो."

अकरा सेकंद उरले होते. आमची पोरं टचडाउनच्या रेषेपासून चौदा यार्डांवर येऊन ठेपली होती आणि ऑर्विलनं खेळ थांबवला होता. चेंडू लाथेनं दांड्यांच्या मधून मारला की तीन गुण, म्हणजे बरोबरी. आणि ग्रॅनमशी बरोबरी म्हणजे नॉर्डालमध्ये जिंकल्याइतकीच इज्जत. लाथ मारणारा पोरगा बूट घासत तयार उभा होता. इतक्यात आर्डिस कोटाचे सोगे सावरत, दोरी उचलून, मैदानाच्या कडेला आली. आजवर कुणी बाई तिथं आली नव्हती.

"ऑर्विल, तो केक पास्टरांचा आहे," ती म्हणाली.

ऑर्विलला काही कळेना.

"उद्या त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. सेल्मरनं घर चुकवलं. तुझ्यासाठी केक कर असं मला कुणी सांगितलेलं नाही." मग खरं बोलायची सवय म्हणून तिनं जोडलं, "निदान अजून तरी."

ऑर्विलच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. म्हणजे आपण अजून कोच आहोत. आणि गंमत बघा, आनंद व्हायच्या आधी त्याला भीतीच वाटली. मिनिटापूर्वी गमवायला काही नव्हतं; आता सगळं होतं. लाथ मारली की बरोबरी, सगळे खूश, केक कॅन्सल. फेकला आणि हुकला, तर शायनिंग मारून हरला म्हणतील, आणि मग आर्डिसला खरंच बदाम आणावे लागतील. तिसऱ्या रांगेकडे त्यानं पाहिलं. डॉकन थर्मासचं झाकण हातात धरून त्याच्याचकडे बघत होता.

"किती उरलंय?" आर्डिसनं विचारलं.

"अकरा सेकंद."

"केकबद्दल विचारतेय मी."

"बारा कडी," ऑर्विल ओशाळून म्हणाला. मग त्यानं पोरांकडे पाहिलं. चिखलानं माखलेली, दात काढून हसणारी अकरा तोंडं. सहा वर्षं आपण यांना असं खेळू दिलं नाही, याचं त्याला एकदम फार वाईट वाटलं.

"डेल," त्यानं हाक मारली. "फेक."

डेलनं फेकला. चेंडू उंच गेला, फार उंच, आणि कोपऱ्यात खाली आला तो बरोब्बर आमच्या एका काटकुळ्या पोराच्या पोटावर. त्यानं तो मांजराचं पिल्लू धरावं तसा दोन्ही हातांनी धरला आणि टचडाउनच्या रेषेच्या आत बसकण मारली. सहा गुण. सत्तावीस-चोवीस. तिसऱ्या रांगेतून एक झाकण घरंगळत पायऱ्यांवरून खाली आलं, पण त्या आरड्याओरड्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

लोक मैदानात घुसले. प्राचार्य साथर गर्दीतून वाट काढत आले, काखेत फ्रेम केलेला फोटो. त्यांचे डोळे लाल झाले होते. "जाता जाता काय दिलंत, कोच," ते म्हणाले आणि फोटो त्याच्या हातात ठेवला. ऑर्विलनं तेव्हाच सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण शेजारी आर्डिस उभी, तिच्या दंडाला धरून सेल्मर उभा, अर्धं गाव डोळे पुसतंय. सांगितलं तर सेल्मरची फजिती, आर्डिसची फजिती, साथरांची फजिती. इतक्या लोकांचे अश्रू वाया घालवणारा आपण कोण? ऑर्विलनं थँक यू म्हटलं आणि स्वतःचा फोटो काखेत मारून निघाला. तो कचेरीतल्या टेबलावर ठेवून घरी गेला. घरी लव्हॉनला त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, की सगळ्या पोरांची दमछाक करून जिंकलास, आणि तुझ्याच्यानं एक वाक्य बोलवलं नाही.

रविवारी सकाळी दोघांनी उरलेला बारा कड्यांचा केक उचलला, शेजारच्या पांढऱ्या घराच्या पोर्चवर ठेवला आणि रीतीप्रमाणे दार न वाजवता परत आले. आणि मग चर्चला गेले.

पास्टर आयकलंडना गावात येऊन चारच वर्षं झाली होती, पण केकचा अर्थ कळायला चार वर्षं पुष्कळ. प्रवचनाला उभे राहिले तेव्हाच त्यांचा चेहरा उतरलेला होता. थोडा वेळ ते पीकपाण्याबद्दल बोलले. मग म्हणाले, की पाहुणा कितीही आवडता असला तरी त्याला एक दिवस निघावंच लागतं, आणि आपल्या हातून काही उणं राहिलं असेल तर नॉर्डालच्या लोकांनी मोठ्या मनानं माफ करावं. पहिल्या बाकावर त्यांच्या बायकोनं रुमाल डोळ्यांना लावला. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आणि बाई मुसमुसतेय. सगळं चर्च आपापल्या बुटांकडे पाहू लागलं. पास्टरांना कुणी काढलं, हे जो तो शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर शोधत होता. आर्डिसनं तोंड भजनाच्या पुस्तकात खुपसलं. सेल्मर झोपला होता.

ऑर्विल उभा राहिला. प्रवचनाच्या मध्येच. असं कुणी करत नाही.

"पास्टर," तो म्हणाला. मग त्यानं परत सुरुवात केली. "पास्टर, तो केक तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा आहे. गुरुवारी चुकून माझ्याकडे आला. खालची सहा कडी आम्ही खाल्ली. तुम्हाला कुणी काढलेलं नाही."

आता बसायला हवं होतं. लव्हॉननं त्याचा कोट धरला, पण खाली ओढला नाही. तशीच धरून बसली.

"मलाही कुणी काढलेलं नाही," ऑर्विल म्हणाला. "आणि मला जायचं नाही. मला इथंच राहायचंय."

प्राचार्य साथर हळूच मागे वळून कमिटीवाल्यांना म्हणाले, की मला वाटलं तुम्ही पाठवलात. कमिटीवाले म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्ही. मग कुणीतरी फसकन हसलं, आणि ते हसू बाकाबाकांवरून असं पसरत गेलं, की पास्टरांना चष्मा काढून पुसावा लागला. त्यांची बायको तर हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

ते जरा ओसरल्यावर अगदी मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. पाल्मर डॉकन बाकाला धरून उभा राहत होता.

"मलाही जायचं नव्हतं," तो म्हणाला.

हसू थांबलं. म्हातारा कुणाकडेच बघत नव्हता.

"मी बोललो नाही," तो म्हणाला आणि खाली बसला. थोडा वेळ गेल्यावर बसल्या बसल्याच त्यानं पुढचं वाक्य पुरं केलं. "पण चेंडू फार फेकतोस, ऑर्विल."

प्रार्थनेनंतर तो बारा कड्यांचा केक कॉफीबरोबर तळघरात आणला आणि दीडशे माणसांनी खालून खायला सुरुवात केली. पास्टरांनी सगळ्यात वरचं, अंगठीएवढं कडं बायकोच्या बोटात घातलं. सेल्मरनं, कुणी न विचारताच, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून कबूल केलं. आर्डिसनं ऑर्विलला एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी त्याच्या पोर्चवर काही आलं तर आधी तिला फोन करायचा.

सोमवारी सकाळी ऑर्विल व्यायामशाळेच्या बोळात शिरला तर तेराव्या खिळ्यावर त्याचा फोटो लागलेला. शिपायाचं म्हणणं, फ्रेम तयार आहे, खिळा तयार आहे, आता काढायला पुन्हा शिडी कोण आणणार. फोटोखाली '१९७२ ते' असं लिहून पुढे जागा कोरी सोडली होती. शेजारच्या फोटोखाली खुद्द डॉकन उभा होता, काखेत थर्मास. सहा वर्षांत तो सामन्यांना आला होता, पण या बोळात त्यानं पाऊल टाकलं नव्हतं.

"सराव किती वाजता असतो हल्ली?" त्यानं विचारलं.

"तीनला," ऑर्विल म्हणाला. "या ना, कोच."